खिळ्यावरचा बिल्ला

जयाने स्कूटी फाटकाबाहेर उभी केली, तीही तोंड रस्त्याकडे करून, आणि हेल्मेट हातात घेऊनच घरात शिरली, तेव्हाच शकुबाईचं डोकं फिरलं. सख्ख्या मामाच्या घरी आलेली भाची हेल्मेट मांडीवर घेऊन बसते का कुठे? आत आमरसाच्या वाट्या भरत होत्या, पातोडीच्या रश्श्याचा वास घरभर सुटला होता आणि ही बाई दाराला लागून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, पायात चपला तशाच.

"चपला तरी काढ वं," शकुबाई दात खाऊन म्हणाली.

"राहू दे, आई."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनजे मामाच ना? म्हनू दे त्याईले."

लेक छत्तीस वर्षांची, पांढरकवड्याच्या दवाखान्यात नर्स, हाताखाली चार माणसं. तिला चारचौघांत थोबाडता येत नाही, याचंच शकुबाईला जास्त वाईट वाटत होतं. आजचा दिवस तिच्या भावाचा, दादाचा होता. तीस एप्रिलला पंजाबराव राजूरच्या कोळसा खदानीतून सेवानिवृत्त झाला होता. छत्तीस वर्षं त्याने लॅम्पखोली सांभाळली. कंपनीने शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. आज रविवारी घरच्या माणसांचं जेवण होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि मग सगळी पानावर बसली.

या घराण्यात पंजाबराव म्हणजे पहिला पगार. बाकी सगळे कापसात आणि तुरीत वाकलेले असताना हा एकटा कंपनीचा माणूस झाला. शकुबाईची जया दहा वर्षांची झाली तशी तिला आर्णीहून उचलून तिने याच घरात आणून टाकलं. सात वर्षं राहिली पोरगी इथे, आणि बारावी होऊन इथूनच नर्सिंगला गेली. दादानं घडवली, असं शकुबाईने अख्ख्या आर्णीला ऐकवून ठेवलं होतं. आता नात मैत्रीही दहा वर्षांची झाली होती. जूनपासून तिला वणीच्या इंग्रजी शाळेत घालायचं आणि इथे मामाआजोबाकडे ठेवायचं, असं तिच्या बापाने, म्हणजे शकुबाईच्या संघदीपने, दादाबरोबर ठरवूनही टाकलं होतं. जयाला हे मुद्दामच कुणी सांगितलं नव्हतं. काल फोनवर बोलता बोलता शकुबाईच्या तोंडून निसटलं. पलीकडून जया नुसतं "मी येते" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून शकुबाईला धास्ती होती आणि धास्ती वाटली की तिला राग येई. सगळं त्या यवतमाळच्या मॅडमने केलं होतं!

दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला लाइट गेली, तेव्हा जया औषधाच्या कपाटासमोर वीस मिनिटं नुसती उभी राहिली. पेशंटचं सलाइन संपलं, नातेवाईक ओरडायला लागले, तरी ही जागची हलेना. शेवटी मोठ्या सिस्टरने खांदे धरून गदागदा हलवलं तेव्हा कुठे ती भानावर आली. शकुबाईला वाटलं नजर लागली. मग वाटलं, लग्न न करता राहिली त्याचा परिणाम. जया मात्र सरळ यवतमाळला गझाला मॅडमकडे गेली आणि दर पंधरवड्याला जातच राहिली. मागच्या महिन्यात तिने आईलाही सोबत नेलं होतं.

मॅडम दिसायला साधी, डोक्यावरून ओढणी, आवाज मऊ. तिने सांगितलं ते असं. पायावरून एकदा बैलगाडीचं चाक गेलं तर पाय मोडतो, तो जोडता येतो. जयाचं तसं नाही. ज्याच्या हातचं खायचं त्याचीच भीती, आणि तीही सात वर्षं, आज वार होईल की उद्या ते कळायची सोय नाही. अशा लेकराचं अंग पहारा द्यायला शिकतं, आणि लेकरू मोठं झालं तरी पहारा उठत नाही. "पहिले आठ महिने आम्ही मामाकडच्या त्या कोठीचं नावसुद्धा काढलं नाही, मावशी," मॅडम म्हणाली होती. "आधी दार उघडं ठेवून खुर्चीत बसायला शिकलो. पाय जमिनीला टेकलेत हे पायांना कळायला पाहिजे. आठवणी मग, आणि त्या तिच्या चालीनं."

आठ महिने नुसतं खुर्चीत बसायला शिकवते, ही कसली डॉक्टरीण! शकुबाई तोंडावर म्हणाली होती, "कोंडलं असन एखांद्या वेळी. आमच्या बापानं तं दादाले निंबाले बांधून झोडलं. मेला काय तो?"

 उठताना मॅडमने शकुबाईचा हात धरला. "एक करा. ओरडली का नाहीस, सांगितलं का नाहीस, हे तिला कधी विचारू नका. ते ती स्वतःलाच रोज विचारते. आणि आता तिला राग यायला लागलाय, तो येऊ द्या. आपण बरोबर दिशेनं चाललोय."

आईला उलटं बोलायला लागली ती म्हणे बरोबर दिशा. शकुबाई बसमध्ये आर्णीपर्यंत धुसफुसत आली होती.

जेवणं आटोपली तसं पंजाबरावने कूलर बंद करायला लावला. मे महिन्याची दुपार, पण त्याला आपला शब्द न शब्द सगळ्यांना ऐकू जायला हवा होता. तो आतून एक सागाची पाटी घेऊन आला. ताजं वॉर्निश मारलेलं होतं. पाटीवर तीन खिळे. पहिल्या खिळ्यावर पितळेचा गोल बिल्ला, त्यावर कोरलेलं इंद्रजित. दुसऱ्यावर जया. तिसरा रिकामा.

ही पाटी शकुबाईच्या ओळखीची होती. जुनी आठवण दिसली म्हणून तिचा चेहरा उजळला.

"ह्या पाटीनं या घरातले पोट्टे घडवले," पंजाबराव म्हणाला. खिशातून त्याने चकचकीत नवा बिल्ला काढला. "हा मैत्रीचा. यवतमाळले कोरून आनला. शकू, तू आजी. तुह्या हातानं लाव."

मैत्री लाजून बापाच्या मागे सरली. शकुबाई पदर सावरून उठली. नातीचं नाव पितळेत कोरलेलं बघून तिला भरून आलं होतं. दाराशी खुर्ची करकरली, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

"हे आहे तरी काय, मामा?" संघदीपने विचारलं. लहानपणी तो या घरी कधी राहिला नव्हता.

पंजाबरावला हेच पाहिजे होतं. "खदानीत मानूस खाली उतरते तवा बिल्ला लॅम्पखोलीत देते अन् दिवा घेऊन जाते. बिल्ला खिळ्यावर आहे म्हनजे मानूस खाली आहे. वर आला, दिवा देल्ला, का बिल्ला वापस. छत्तीस वर्षांत माह्या खिळ्यावरचा एक बिल्ला चुकला नाही. तेच मी घरात लावलं. पाढा चुकला, खोटं बोललं, उलटं उत्तर देल्लं, का बिल्ला खिळ्यावर अन् पोट्टं कोयशाच्या कोठीत. माही पाळी सुटली का मी येऊन काढनार. मी म्हनजे मीच. दुसऱ्यानं हात लावाचा नाही." तो मनमोकळं हसला. "आता कोयसा नाही रायला. कोठी साफ करून चुना मारून ठेवली मैत्रीसाठी. लाइटबी लावला असता, पन मंग शिस्त कायची?"

इंद्रजित हसला. बापाच्या प्रत्येक वाक्याला हसायची त्याला सवय होती.

शकुबाईचा हात खिळ्याजवळ गेला होता, तो तिथेच थांबला.

बिल्ला खिळ्यावर आहे म्हणजे माणूस खाली आहे.

तेवीस वर्षांपूर्वीची दुपार तिला आठवली. मुरमुऱ्याचे लाडू घेऊन ती आर्णीहून अचानक आली होती. जया घरात नव्हती. ट्युशनला गेली, असं भावजयीने, सुखीबाईने सांगितलं. स्वयंपाकघराच्या दाराशी ही पाटी होती आणि खिळ्यावर लेकीच्या नावाचा बिल्ला, काळा पडलेला. शाळेत पहिल्या आलेल्या पोरांची नावं फळ्यावर लावतात, तसंच हे काहीतरी मानाचं असणार, असं शकुबाईला वाटलं. तिने चिंच मागून घेतली, चुलीतली राख घेतली आणि तिथेच दारात फतकल मारून बिल्ला घासघासून लखलखीत केला. मग अभ्यासात खोळंबा नको म्हणून लेकीला न भेटताच चारची बस धरून गेली. बोटांना चिंचेचा वास होता आणि मनात नुसता अभिमान.

"दादा," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "म्हनजे बिल्ला खिळ्यावर असला का पोट्टी कोठीत?"

"व्हय ना. आता अर्धा तास काय सांगून राह्यलो मी?"

"अन् कोठीत नसली, बाहेर गेली असली, तं?"

"तं तिच्या गळ्यात. काहून?"

शकुबाई वळली. सुखीबाई आमरसाचं पातेलं उचलून आत निघाली होती.

"सुखी, थांब. मी लाडू घेऊन आलती तवा जया ट्युशनले गेलती ना?"

सुखीबाईने पातेलं खाली ठेवलं. 

"मी आतच होती, आई," दाराकडून जया म्हणाली. "दोन हातावर. तू म्हनत होती, माह्या लेकीचं नाव कसं सोन्यावानी निंगालं पाय."

मंग आवाज काहून नाही देल्ला? प्रश्न शकुबाईच्या दातांपर्यंत आला. एवढी बाराखडी शिकलेली पोरगी, आई दोन हातांवर बसलेली, आणि तोंडातून 'आई' एवढंही निघू नये? तिने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. विचारायचं नाही. ते ती रोज स्वतःलाच विचारते.

"पाहा!" पंजाबरावचा आवाज चढला. "हे त्या डॉक्टरनीनं भरवलं. नाकाले शेंबूड घेऊन आलती माह्या घरी. मी नसतो तं आज कापूस येचत राह्यली असती. अन् माह्याच सत्काराच्या दिवशी माह्यावर फिर्याद?"

जया उठली. उठताना तिने दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवले आणि क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, हे शकुबाईने टिपलं. आवाज कापत होता, पण बाहेर येत होता.

"तुमच्यामुळं शिकली, हे खरं आहे, मामा. तुमच्यामुळं अंधारात मले सलाइन लावता येत नाही, हेबी खरं आहे. दोन्ही लिहा तुमच्या सत्काराच्या कागदात."

"ताई, आजच्या दिवशी तरी," संघदीप कळवळून म्हणाला.

"आजच! जूनमंधी सांगितलं तं ही कोठीत राहीन." तिने मैत्रीकडे बोट केलं. "तुले शाळा पाह्यजे ना? माह्या घरी ठेव. पांढरकवड्याले ठेव. कुठंबी ठेव. इथं ठेवशीन तं माह्याशी गाठ आहे, संघदीप. अन् मामा, वर तो फोटो लावून खाली पोट्टे कोंडता तुमी? लाज वाटू द्या थोडी."

"मलेबी कोंडलं," इंद्रजित मध्येच म्हणाला. तो अजून हसतच होता, पण ओठांनीच. "लै वेळा. मी मेलो काय?"

हेच वाक्य शकुबाईने मॅडमला ऐकवलं होतं. आता ते ऐकताना तिला शिसारी आली.

"नाही मेला," सुखीबाई म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारात नवरा बोलत असताना सुखीबाई मध्ये बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पंजाबरावने नुसती मान वळवली, एरवी तेवढ्याने ती गप्प होई. आज झाली नाही.

"नाही मेला तू. पस्तीस वर्षांचा झाला अन् अजून ट्यूबलाइट लावून झोपते. सून मले विचारते, आई, हे असे काहून करते? काय सांगू मी तिले? अन् शकुबाई, त्या दिवशी यांले डबल पाळी लागली. सतरा तास होती जया आत. तुमी गेल्यावर तुमचा लाडू मी दाराखालून सरकवला. एवढंच केलं मी."

"एवढंच?" शकुबाई तिच्या अंगावरच धावून गेली. "कडी होती ना समोर! हाताले लकवा मारलता तुह्या? माह्या तोंडावर ट्युशन म्हनाले जीभ कशी उचलली वं तुही?"

"बिल्ला यांच्याशिवाय कोनी काढत नव्हतं."

"आग लाव तुह्या बिल्ल्याले!"

सुखीबाई रडायला लागली. शकुबाईला तिची दया आली नाही. पुढे कधी येईल की नाही तेही तिला सांगता आलं नसतं.

पंजाबरावने टेबलावर थाप मारली. वाट्या उडाल्या. "निंगा! सारे निंगा माह्या घरातून! कुठं शिकवता ह्या पोट्टीले तेच पाहतो मी."

त्या गोंधळात मैत्री बापामागून पुढे आली. ती पाटीकडे बघत होती. तिला गणित चांगलं येई आणि काहीतरी तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

"आबा, डबल पाळी लागली तर मग?"

 पंजाबरावला तो प्रश्नच कळला नाही.

"तर मग डबल," इंद्रजित म्हणाला. या वेळी त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो उठला, अंगणात गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

संघदीपने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला मामाच्या आधाराची सवय होती, इंग्रजी शाळेचं स्वप्न होतं. गेला महिनाभर तो हे ताईपासून लपवत आला होता. तो म्हणाला, "मैत्री, चप्पल घाल."

"घाल घाल!" पंजाबराव ओरडला. "उद्या येसान पाया पडत."

शकुबाईच्या मुठीत नवा बिल्ला होता. तो तिने आमरसाच्या पातेल्यात टाकला. मग ती पाटीकडे गेली आणि दुसऱ्या खिळ्यावरच्या बिल्ल्याला हात घातला.

"त्याले हात नाही लावाचा, शकू. तो मीच काढतो, माहीत नाही काय तुले?"

"कधी काढशीन?" शकुबाई म्हणाली. लहानपणी बाप त्याला निंबाला बांधी, तेव्हा चोरून पाणी पाजायला हीच जात असे. या भावाशी ती आयुष्यात पहिल्यांदा अशी बोलत होती. "सांग ना, कधी? तेवीस वर्सं झाले, दादा. माही पोट्टी अजून खालीच आहे, अन् तुले पाळी सुटली म्हनून शाल भेटली."

तिने बिल्ला काढला आणि खिळा उघडा पडला. पंजाबराव खुर्चीत बसला. त्याचं ऐकायला आता कुणी थांबलं नाही.

बाहेर उन्हाचा फुफाटा होता. कोळशाचे ट्रक जात होते आणि सगळ्या पानांवर काळी धूळ बसली होती. संघदीप मैत्रीला घेऊन गाडीत बसला. जया स्कूटीजवळ उभी राहून लांब श्वास घेत होती. 

शकुबाईने मूठ उघडून पुढे केली. बिल्ला पुन्हा काळा पडला होता. "घे. वर आल्यावर वापस देतेत म्हने."

"मले नको. तू ठेव."

"जया, मले माफ..."

"नको ना, आई. आज नको मागू." जयाचा आवाज फुटला. "मले राग आहे तुह्यावर. मामापेक्षाबी जास्त. मामा तं मामाच होता. तू आई होती."

एरवी शकुबाईने चार शब्द सुनावले असते. पोटाला चिमटा घेऊन शिकवलं त्याचं काय, असं विचारलं असतं. आज तिने ते सगळं गिळलं.

"ठेव," ती म्हणाली. "पाह्यजे तेवढे दिस ठेव राग."

जयाने हेल्मेट डोक्यात घातलं. शकुबाई स्कूटीचा आरसा धरून उभी होती. सोडवेना तिला.

"मी हाक माराले पाह्यजे होती. घरात शिरल्याबरोबर. ट्युशनले गेली म्हनल्यावरबी, उगीच, एक हाक."

"मी तेच आयकत बसली होती," जया म्हणाली. "बस धराले निंगाली तू, तरी वाटत होतं, जाता जाता मारशीन."

तिने किल्ली फिरवली. तोंड रस्त्याकडेच होतं, वळवायला लागलं नाही. स्कूटी धूळ उडवत निघाली, कॉलनीच्या वळणापर्यंत गेली.

"जया!"

शकुबाई बेंबीच्या देठापासून ओरडली. शेजारच्या घरातली बाई दारात आली. गाडीतून मैत्रीने मान बाहेर काढली. वळणावर स्कूटीचा लाल दिवा लागला, जयाने एक पाय जमिनीला टेकवला आणि मागे वळून पाहिलं.

"काय वं?"

"काही नाही. जाय. पोचली का फोन कर."